खडपेआबांचे कवच

त्या राज्यातले पाणी ना गोडे होते ना खारे. मचूळ होते, आणि त्यावर कुणीच खूश नव्हते. राज्याला चारी बाजूंनी काच होती. तळाशी वाळू, एका कोपऱ्यात नारळाची करवंटी, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याबाहेर डोके काढलेला उंच दगड, आणि सगळ्यावर दिवा लावलेले झाकण. हे एका हाताने मांडले होते. तो हात वरून यायचा, दाणे टाकायचा, पाणी घालायचा आणि निघून जायचा. त्याने ओढ्याचे खेकडे आणि खाडीचे खेकडे एकाच काचेत सोडले आणि दोघांनाही सोसेल अशा बेताने मीठ घातले. सोसले सगळ्यांना, रुचले कुणालाच नाही. शिवाय त्या पाण्यात चुना कमी होता, त्यामुळे प्रत्येकाचीच पाठ जरा कच्ची राही.

पाठ कच्ची असली की डोके तापते. तिथे भांडायला कारण लागत नसे. बाहेरचे लोक म्हणतात, खेकडे एकमेकांचे पाय ओढतात. इथे ते तोडत. त्यातल्या त्यात धाक होता तो खडपेआबांचा. आबा मूळचे खाडीचे, वयाने सगळ्यांत मोठे. ते उंच दगडावर बसत आणि दाणे पडले की नांगी उचलून सांगत, आधी तू, मग तू. ती नांगी वर गेली की मारामारी थांबे.

पण पंधरा दिवसांपासून आबांना कवच घट्ट होऊ लागले होते. कात टाकायची वेळ आली होती. ह्या बाबतीत खेकड्यांचा रिवाज कडक आहे. जुने कवच लपून उतरवायचे आणि कुणी पाहायच्या आत आपले आपणच खाऊन टाकायचे. त्यातला चुना अंगात गेला तरच नवी पाठ टणक होते. ज्याची होत नाही, त्याला शेजारीच खातात.

एका दुपारी आबा करवंटीत शिरले. अर्धा दिवस धडपडून कवचातून मागच्या मागे बाहेर आले आणि दमून जरा आडवे झाले. तेवढीच त्यांची चूक. नेमका त्याच वेळी वरून हात आला आणि त्याने भसाभस पाणी ओतले. लोंढा करवंटीत घुसला. आबांचे रिकामे कवच बाहेर पडले, दोन गिरक्या घेऊन वर गेले आणि थेट उंच दगडावर जाऊन टेकले. तोंड पुढे, नांगी किंचित उचललेली.

खालून पाहणाऱ्यांना आबा नेहमीसारखे बसलेले दिसले.

खरे आबा करवंटीच्या फटीतून हे बघत होते. पहिल्या दिवशी त्यांना वाटले, कुणाच्या तरी लक्षात येईल. दुसऱ्या दिवशी ते करवंटीत येरझारा घालू लागले. दर चार पावलांना नांगीचे टोक पाठीवर टेकवून बघत. पाठ शिजवलेल्या भातासारखी दबत होती.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या शिंपलीकाकू करवंटीवरून चालल्या होत्या. काकू ओढ्याच्या, स्वभावाने गरीब. जुन्या भांडणात त्यांच्या नांगीचे एक टोक मोडले होते. आबांनी हळूच हाक मारली.

"काकू, मी खडपे. तेवढं वरचं कवच खाली ढकला. ते माझं आहे."

काकूंनी वाकून पाहिले. आत एक फिकट, फुगलेला, अनोळखी खेकडा होता.

"कुणी नवीन आलायत वाटतं," त्या म्हणाल्या. "आबा वर बसलेत हो. आणि खरं सांगू? बोलायचे बंद झाल्यापासून फार चांगले वागतात."

पाचव्या दिवशी दगडापाशी कोयतेराव उभे राहिले. रुंद नांगीचे, दणकट गृहस्थ. आबांच्या मनातले आपल्याला कळते, असे त्यांनी जाहीर केले. आबांनी रोज दर्शन द्यायचे ठरवले आहे. एकेकाने वर जायचे, दाणा ठेवायचा, कवचाखाली डोके घालून नमस्कार करायचा. तोवर बाकीच्यांनी डोळे मिटून घ्यायचे. रांगेत कुणी कुणाला चावायचे नाही. आणि नवल म्हणजे कुणी चावले नाही. राज्यात इतकी शांतता कधीच नव्हती.

आबांचा जीव मात्र टांगणीला लागला होता. आणखी चार-पाच दिवस अशीच पाठ राहिली तर खेळ संपला. त्यांनी अंगावर शेवाळ पांघरले आणि ते रांगेत जाऊन उभे राहिले.

"ओढ्याचे की खाडीचे?" कोयतेरावांनी विचारले.

"खाडीचा. नाव खडपे."

"हल्ली पुष्कळजण आबांचं नाव लावतात," कोयतेराव म्हणाले. "असू दे. रांगेत या."

रांगेत आबांना एक गोष्ट जाणवली. पुढच्याची पाठ टणक होती. त्याच्या पुढच्याचीही. दिव्याखाली सगळ्या पाठी कशा चकचकत होत्या. "आबांची कृपा," पुढचा म्हणाला, आणि आबांना क्षणभर बरेसुद्धा वाटले. मग मत्सर वाटला. आपल्या नावाने सगळे धडधाकट, आणि आपण तेवढे शेवाळाखाली लपलेले.

त्यांची पाळी आली. मागे सगळ्यांचे डोळे मिटले. आबा वर चढले, दाणा बाजूला सारला आणि अधाशासारखे कवचाखाली घुसले. त्यांनी चुन्यासाठी नांगी उघडली.

आत चुना नव्हताच फारसा. पाय आतून पोखरलेले होते. पोट गेले होते. पाठ पापुद्र्याइतकी उरली होती आणि तिच्या कडेला चावे होते. डावीकडची रुंद खाच कोयतेरावांच्या नांगीची. तिच्या शेजारी एकटोकी चाव्यांची लांब ओळ. तसा चावा राज्यात एकाच नांगीचा पडे. त्याखाली लहान, मोठे, ओढ्याचे, खाडीचे, कितीतरी. समोरून दिसणारा चेहरा आणि ती उचललेली नांगी मात्र कुणी शिवलेली नव्हती.

आबांनी डोके बाहेर काढले. रांगेतले सगळे डोळे मिटलेले होते. फक्त शिंपलीकाकूंचे अर्धवट उघडे होते. त्यांनी आबांकडे पाहिले, खूप वेळ पाहिले, आणि मग मिटून घेतले.

आबांच्या हाताशी चेहरा आणि नांगी होती. तेवढ्याने पाठ कदाचित भरली असती. त्यांनी उचललेल्या नांगीला स्पर्श केला, तसे सगळे कवच डगमगले. खाली रांगेत कुणाची तरी नांगी कटकन उघडली.

आबांनी आपली नांगी मागे घेतली. कवच सरळ केले. पडू नये म्हणून त्याच्याखाली एक खडा लावला. मग बाजूला सारलेला दाणा उचलून त्याच्यापुढे ठेवला, पाठीवरचे शेवाळ नीट केले आणि ते पलीकडच्या बाजूने खाली उतरले.

"चला, पुढचे," कोयतेराव म्हणाले, आणि सगळ्यांनी डोळे मिटले. आबांनीही.