फसलेली सहल आणि ढोलीचे दार

सह्याद्रीतल्या एका दाट रानात, जुन्या बेहड्याच्या झाडावर, धनेश पक्ष्यांची एक नवी जोडी राहत असे. धनेशांची रीत तुम्हाला ठाऊक आहे का, मुलांनो? अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट उरते. पुढे कित्येक आठवडे नराने आणून दिलेले खायचे. तो आला नाही, तर उपाशी मरायचे. म्हणूनच आपली धनेशीण ढोलीसमोर बसून रोज स्वतःला विचारी, 'यांच्या भरवशावर दार बंद करू की नको?'

तिचा उतरलेला चेहरा पाहून एका सकाळी धनेश म्हणाला, "अगं, चल, फिरून येऊ. नदीपलीकडच्या डोंगरावर उंबर नुसता लगडलाय म्हणे!"

"आत्ता? अहो, काही ठरवलं नाही, कुणाला विचारलं नाही..."

"ठरवायचंय काय त्यात? पंख आहेत, ऊन कोवळं आहे. चल!"

सहल सुरू तर झकास झाली. पण डोंगरावर पोचून पाहतात तो काय, उंबरावर एक फळ नाही! ही बातमी पोपटांनी उठवली होती. एकाने दुसऱ्याला सांगितली, दुसऱ्याने रानभर केली. झाड डोळ्यांनी पाहिले कोणी? एकानेही नाही! न पाहिलेली गोष्ट छातीठोकपणे ओरडून सांगणाऱ्यांना खरे तर रानात तोंड उघडायची बंदीच हवी.

परत फिरावे, तोच वरून गरुड झेपावला. दोघे बांबूच्या बेटात घुसून वाचली, पण धनेशिणीचा पंख मुरगळला. ऊन तापले. पोटात कावळे कोकलू लागले. 'आता हे पोपटांवर सगळे खापर फोडणार,' तिला वाटले.

धनेशाने मान खाली घातली. "चूक माझी आहे. मी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. तू इथून हलू नकोस. आलोच मी." आणि तो उडाला.

शेजारच्या फांदीवर एक म्हातारे शेकरू होते. ते म्हणाले, "गेले का यजमान? बसा हो, बसा. येतील... आले तर!"

धनेशिणीने वर पाहिले. बांबूंच्या फटीतून आभाळाचा एवढासा तुकडा दिसत होता. ढोलीतून असाच दिसेल, असे तिच्या मनात आले आणि ती फटीकडे पाठ करून बसली.

ऊन कलले तेव्हा पंखांचा ओळखीचा, जड आवाज आला. धनेश दमून चूर झाला होता. घशात साठवून आणलेली फळे तो एकेक करून तिच्या चोचीत ठेवू लागला.

"तुम्ही खाल्लंत?"

"खाल्लं की, भरपूर!"

तेवढ्यात त्याचे पोट मोठ्याने गुरगुरले. शेकरू फिसकन हसले. धनेशीणही हसली. शेवटचे फळ तिने त्याच्याच चोचीत कोंबले आणि म्हणाली, "खोटं बोलायला जमत नाही ना, मग बोलू नये!"

पंख बरा होईपर्यंत धनेश तिला असाच भरवत राहिला. मग दोघे घरी परतली आणि पोचल्या पोचल्या धनेशीण म्हणाली, "अहो, चिखल आणा." ढोलीचे तोंड लिंपून झाल्यावर फटीतून तिची चोच बाहेर आली.

"त्या सहलीला नेलंत, फार उपकार झाले तुमचे. उंबर लगडलेला असता, तर मी अजून ढोलीबाहेरच बसले असते."

"मग पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ?"

"जाऊ की! पण आधी झाड स्वतः बघून या."

तात्पर्य : बेत फसल्यावर जो दुसऱ्यावर खापर फोडत नाही आणि हाती आलेला घास आधी सोबत्याला देतो, त्याच्यावर डोळे मिटून विसंबावे, आणि असा सोबती लाभला, तर त्याचे आभार मोकळ्या मनाने मानावेत.