डोहात सोडलेली डिस्क

“मग तिथं तरी दिसली का?” महाराजांनी विचारलं.

“लगेच,” पद्माकर म्हणाला. “झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरला लावली मात्र, स्क्रीनवर तिचं नाव आलं.”

“आणि इथं?”

“इथं दिसत नाही.”

पद्माकरने मांडीवरचा लॅपटॉप पुन्हा पालथा घातला. खालचं झाकण सकाळपासून उघडंच होतं. नवी हार्ड डिस्क खाचेत चपखल बसली होती, स्क्रू आवळलेले होते. तिला काढून घालून, काढून घालून त्याच्या बोटांची टोकं लाल झाली होती. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ यायची. डिस्क सापडत नाही, एवढाच तिचा अर्थ.

मठ गावाबाहेर, नदीच्या वळणावर. दुपारची वेळ होती आणि ओसरीवर हे दोघंच होते.

पद्माकर तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवायचा. थोरले महाराज हयात असताना त्यांचं संध्याकाळचं निरूपण तो वर्षानुवर्षं याच लॅपटॉपवर रेकॉर्ड करत आला होता. लॅपटॉप मठाचा. नवा आला तेव्हा थोरल्यांनी हसत हसत त्याच्या झाकणाला कुंकू लावलं होतं.

दुसऱ्या कुणी फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं की पद्माकरच्या कपाळाला आठी पडायची. आवाज अशा शंभर फोनांत गेला की त्याचा कचरा होतो, असं त्याचं म्हणणं. कुणी फारच मागे लागलं, तर तो म्हणायचा, “थांबा जरा. मधले खोकले, कुत्र्यांचं भुंकणं काढतोय. सगळं साफ झालं की देतो.”

ते कधी साफ झालं नाही आणि त्याने ते कधी कुणाला दिलंही नाही. सगळा ठेवा त्या एका डिस्कवर होता आणि डिस्क पद्माकरच्या ताब्यात होती. खोटं कशाला बोला, त्यात त्याला सुख होतं.

गेल्या वर्षी एका सकाळी थोरले गेले. मागच्या अंगणात त्यांना जमिनीत समाधी दिली आणि गादीवर हे आताचे महाराज बसले. यांचा सारा जन्म मठाचा गोठा आणि स्वयंपाकघर सांभाळण्यात गेला होता. गाव यांना महाराज म्हणू लागलं. पद्माकरच्या जिभेवर मात्र तो शब्द चढेना. तो पूर्वीसारखंच आबा म्हणायचा. येता-जाता समाधीपुढे लोटांगण घालायचा, आणि गादीसमोरून जाताना नेमका त्याचा फोन वाजायचा.

गेल्या आठवड्यात लॅपटॉप उघडला तेव्हा ती पांढरी ओळ पहिल्यांदा दिसली.

त्याने दोनदा बंद करून पाहिला, तिसऱ्यांदा चालू केला. मग हात टेकले. डिस्क गेली, म्हणाला. डिस्कलाही आयुष्य असतं, ते संपलं.

दुकानात नेऊन कुणा परक्याकडून तिची चिरफाड करून घेणं त्याच्या मनाला पटेना. भंगली मूर्ती किंवा जीर्ण पोथी नदीच्या डोहात सोडायची, ही मठाची रीत. त्याने डिस्क थोरल्यांच्या छाटीच्या तुकड्यात गुंडाळली, वर तुळस ठेवली आणि पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ती सोडून दिली. काठावर चार माणसं उभी होती. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. पद्माकरला वाटलं, आपल्या हातून योग्य तेच झालं.

आता आठवेल तेवढं तरी थोरल्यांचं बोलणं टाइप करून ठेवायचं, तेही त्याच कुंकू लावलेल्या मशीनवर, असा त्याने निश्चय केला होता. म्हणून ही नवी डिस्क आणली होती.

“म्हणजे डिस्क चांगली आहे,” महाराज म्हणाले.

“उत्तम आहे.”

“तरी दिसत नाही.”

“तिचा काही दोष नाही, आबा.” पद्माकरचा वर्गातला आवाज लागला. “हे बघा. मशीनमधून ही चपटी पट्टी येते ना, ती डिस्कला जोडलेली असते. मधला दुवा हाच. ही आतून तुटली तर वरून काही कळत नाही. मग कितीही चांगली डिस्क बसवा, कुठलीही बसवा, मशीनला ती...”

“कुठलीही?”

महाराजांनी सहज विचारलं होतं. न कळणाऱ्या माणसाने विचारावं, तसं.

पद्माकरचं बोट पट्टीवर होतं, ते तिथेच राहिलं.

मागे गोठ्यात एक गाय उठून उभी राहिली आणि तिच्या गळ्यातली साखळी वाजली.

“जुनी नेली होतीस का त्या झेरॉक्सवाल्याकडं?”

पद्माकरने पट्टीवरचं बोट काढून घेतलं.

“लावून बघितली होतीस का... दुसऱ्या कशाला?”

“नाही.”

त्याने लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला. इतका हळू ठेवला, की जणू आता त्याला जपून काही उपयोग होणार होता. मग तो उठला, ओसरीच्या कडेपर्यंत गेला आणि नदीकडे तोंड करून उभा राहिला. डोहाचं पाणी हिरवंगार, जागच्या जागी होतं.

“तळ किती खोल असेल?”

“पट्टीचे पोहणारे उतरून आले. कुणाच्या पायाला लागला नाही.”

“गाळ?”

“गाळ तर आहेच.”

पद्माकर परत येऊन बसला. गणित शिकवणारा माणूस तो. उत्तर कधीच आलं होतं, पण ते तोंडाने म्हणायला त्याला वेळ लागला.

“ती चांगली होती, आबा,” तो म्हणाला. “आवाज होता तिच्यात. सगळा... जसाच्या तसा.”

त्याने खांद्यावरचं उपरणं ओढून हातात घेतलं.

“खोकलेसुद्धा होते.”

आणि मग त्याला रडू फुटलं. थोरले गेले तेव्हा तो रडला नव्हता. लोकांचं सांत्वन करत फिरला होता, आवाज आहे ना आपल्याकडे म्हणून. आता तो तोंडावर उपरणं दाबून रडत होता आणि त्याला स्वतःची चीड येत होती. मग ती चीड वाट काढत समोरच्या माणसाकडे वळली.

“तुम्ही अडवलं का नाही मला?”

“तू विचारलं नाहीस.”

“काठावर उभे होतात की त्या पहाटे.”

“होतो.”

“मग?”

“तू म्हणालास, गेली. मला वाटलं, गेली असेल.” महाराज म्हणाले. “तू तिच्याजवळचा. जवळच्या माणसानं गेली म्हटल्यावर कोण काय विचारणार?”

पद्माकरने उपरणं खाली घेतलं. डोळे लाल झाले होते. आयुष्यात कुणाला लागेल असं बोलायची त्याला सवय नव्हती, पण आज तो बोलला.

“तुम्हाला नाही कळायचं, आबा. गोठ्यात आणि चुलीपुढं जन्म गेला तुमचा. जीव होता तिच्यात आणि मी ती स्वतःच्या हातानं... तुळस वाहून... मंत्र म्हणून...” त्याने उपरण्याने नाक पुसलं. “एकदा दुसरीकडं लावून बघायला काय झालं होतं? आता रात्री डोळा लागेल का माझा? हे काय असतं, तुम्हाला नाही कळायचं.”

महाराजांना राग आला नाही. उजवा हात त्यांनी मांडीवर उताणा ठेवला होता आणि ते आपल्याच तीन बोटांकडे बघत होते. शेणात, राखेत राबून राबून त्या बोटांची कातडी चिवट, जाड झाली होती.

“पद्माकर...”

तो वर बघेना.

“थोरल्यांची नाडी त्या सकाळी मीच बघितली होती. मला लागली नाही. मी म्हणालो, गेले.”