नगारजींच्या लेकीचं राहिलेलं उत्तर

आंबेगडच्या राज्यात, बरं का, एक नियम होता. नगारा वाजवणाऱ्या हाताला बोल लावायचा नाही. राजाला नावं ठेवली तर चालायचं. देवाशी भांडलं तरी चालायचं. पण त्या हाताला काही म्हणायचं नाही. आणि का म्हणून विचारायचं तर मुळीच नाही.

सगूनं एकदा विचारलं होतं. तेव्हा ती पाच वर्षांची होती. आत्यानं असा चिमटा काढला, की आठ दिवस दंड निळा. "पुन्हा विचारशील?" आत्या म्हणाली. "नाही," सगू म्हणाली. पण मनातल्या मनात विचारतच राहिली.

कारण तो हात तिच्या बाबांचाच होता. उदाजी नगारजी त्यांचं नाव. दर वर्षी माघातल्या जत्रेला ते गडाच्या दारातल्या नगाऱ्यावर तीन ठोके द्यायचे. पहिल्या ठोक्याला झाडं जागी व्हायची. दुसऱ्याला डहाळ्या शहारायच्या. आणि तिसरा ठोका पडला, की साऱ्या मुलखातल्या आंब्यांना एकदम मोहोर! मग काय विचारता? लोक त्यांच्या पायाखालची माती कपाळाला लावायचे. बायका त्यांनी हात धुतलेलं पाणी तापलेल्या पोरांना पाजायच्या. पोरांना त्यांचंच नाव ठेवायचे, एका गल्लीत हाक मारली, तर सात उदाजी वळून बघायचे.

जत्रेत आणखी एकाला मान होता. येसबा सोंगाड्याला. म्हातारा, काडीसारखा, अर्धं तोंड पांढरं आणि अर्धं लाल रंगवलेलं. नगारा वाजण्याआधी तो तीन माणसांची टिंगल करायचा. जत्रेची रीतच तशी होती. ज्याची टिंगल होईल त्यानं चिडायचं नाही, रडायचं नाही, तर उलटं उत्तर द्यायचं. उत्तर झकास असलं, की येसबा कमरेत वाकायचा, त्याच्या तळहातावर एक बत्तासा ठेवायचा आणि सगळी जत्रा हसायची.

त्या बत्ताशाची सगू किती वर्षं वाट बघत होती! तिचा उजवा पाय जरा आखूड होता. ती चालायला लागली, की सगळे दुसरीकडे बघायचे. मोठी माणसं पोरांना डोळ्यांनीच दटावायची आणि पाठीमागे "बिचारी" म्हणायची. कुणी तिची कधी टिंगलच केली नव्हती. आणि ज्याची टिंगल होत नाही, त्याला बत्तासा कुठला?

मग एका वर्षी काय झालं, सगू सोळा वर्षांची झाली. जत्रा भरली. येसबानं आधी राजाच्या ढेरीची टिंगल केली. राजानं उत्तर दिलं, बत्तासा खाल्ला. मग प्रधानाच्या टकलाची केली. प्रधानानंही बत्तासा खाल्ला. मग येसबा गिरकी घेऊन थांबला तो थेट सगूसमोर.

"काय हो नगारजी," तो ओरडला, "अख्ख्या मुलखाला ताल शिकवलात आणि घरच्या पायाला एक मात्रा कमी पडली की हो!"

सगळी जत्रा चटकन दुसरीकडे बघायला लागली. सगूला लागलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच लागलं, डोळ्यांत पाणी आलं. पण त्या पाण्यामागोमाग उत्तरही आलं. असं सुरेख, असं खणखणीत उत्तर, की तिचं तिलाच हसू फुटलं. तिनं तोंड उघडलं आणि...

फाट्!

उदाजींनी नगाऱ्याच्या काठ्या खाली टाकल्या, तीन ढांगांत आले आणि येसबाच्या गालावर ठेवून दिली. म्हातारा कोलमडला. त्याचा दात पडला. बत्तासा मातीत पडला. सगूचं उत्तर जिभेवर होतं, तिथेच राहिलं.

मग उदाजींनी काठ्या उचलल्या आणि नगाऱ्यावर ठोका दिला. नगारा वाजला फाट्! दुसरा ठोका, फाट्! तिसराही फाट्! धुमधुमणारा नगारा त्या चापटीसारखाच वाजला. मोहोर काही आला नाही. तो आवाजही विरला नाही. उडाला आणि गडाच्या कमानीवर जाऊन बसला. दिसायचा नाही, पण लोक चापटीबद्दल बोलायला लागले, की तिथे हजर. जेवढं जास्त बोलणं, तेवढा तो लठ्ठ.

आणि लोक काय गप्प बसतात?

सगू पाणवठ्यावर गेली. तिथे बायका म्हणत होत्या, "बाप असावा तर असा!"

"अगं, पण म्हाताऱ्याचा दात पडला."

"पडू दे. लंगडीला लंगडी म्हणायचं असतं का?"

फाट्! एक घागर फुटली.

सगू बाजारात गेली. तिथे हलवाई म्हणत होता, "त्या हाताचं पाणी मी पोरांना पाजलं! आता किळस येते."

"चापट बसली तेव्हा तर टाळ्या पिटत होतास," कासार म्हणाला.

"सगळ्यांनी पिटल्या म्हणून पिटल्या. तू काय करत होतास? पुढे सरकून बघत होतास ना?"

फाट्! बांगड्यांचा ढीग कोसळला.

मग ती राजाच्या सदरेवर गेली. तिथे निम्मे म्हणत होते, येसबाला हाकला. निम्मे म्हणत होते, नियम नसता तर उदाजींना हाकललं असतं. फाट्, फाट्! कौलं घरंगळली. आणि परतताना तिनं काय बघितलं? दोन चिमुरडी पोरं खेळत होती. एकानं दुसऱ्याच्या फाडकन मुस्काटात मारली आणि म्हणाला, "रडतोस काय? माझ्या ताईच्या मानासाठी मारलं!"

एवढं सगळं बोलत होते, पण सगूला कुणी विचारलं का, की बाई, तुला काय वाटतं? नाही विचारलं. तिच्या मानाची एवढी काळजी, आणि तिची मात्र कुणाला आठवण नव्हती.

घरी बाबा पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसले होते. हाताची आग थांबत नव्हती. "तुझ्यासाठीच केलं गं," ते म्हणाले.

"मग मला विचारलं का नाही, बाबा? मी होते ना तिथे."

उदाजी रडले. इतका मोठा माणूस, लहान पोरासारखा रडला. येसबाची माफी मागायला ते तीनदा घरून निघाले होते. तीनदा गावातल्या जाणत्यांनी त्यांना वाटेतून परत आणलं. म्हणाले, नगारजी, माफी मागितलीत म्हणजे हात चुकला म्हटल्यासारखं होईल. त्या हाताला बोल लावायचा नाही, तुम्हीसुद्धा नाही! बघा, मोठी माणसं कधीकधी कशी असतात.

मग सगू येसबाकडे गेली. त्याच्या गालावर पाच बोटं उमटली होती. त्या गालावर रंगच ठरत नव्हता. म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "पोरी, तू हसली होतीस ना? की मलाच तसं वाटलं?"

"आधी लागलं, काका. मग हसले."

"लागलं?" येसबा कितीतरी वेळ मातीत रेघा ओढत बसला. "चुकलंच माझं. सगळे तुला टाळतात, म्हटलं आपण टाळू नये. टोमणा जरा हळू मारायला हवा होता."

मग पाचव्या दिवशी जाणते नगाऱ्यापाशी जमले. पांढऱ्या मिशा, मोठाली पागोटी, प्रत्येकाच्या हातात काठी. सारा गाव गोळा झाला. उदाजी मान खाली घालून बसले होते. येसबा लांब उभा होता. प्रधान म्हणाले, "सगू बाळ, लोकांत दोन तट पडलेत म्हणून हा आवाज माजलाय. तू नगाऱ्यापाशी उभी राहा आणि म्हण, बाबांनी माझ्या मानासाठी मारलं आणि बरं केलं. तुझा शब्द म्हणजे शेवटचा. मग सगळे तेच म्हणतील, आवाज बसेल, मोहोर येईल. येसबा जाईल परमुलखात. झालं!"

सगू पायऱ्या चढली. एक पाऊल भक्कम, एक हलकं. आज पहिल्यांदाच सगळे तिच्याकडे बघत होते.

"म्हण बाळ," पहिला जाणता म्हणाला.

"म्हण गं. यंदा आंबे नकोत का?" दुसरा म्हणाला.

"म्हण म्हटलं ना!" आत्या ओरडली.

सगू म्हणाली, "नाही म्हणणार. बाबांचा हात चुकला. माझं माझ्या बाबांवर प्रेम आहे आणि त्यांचा हात चुकला. मान माझा होता आणि उत्तरही माझं होतं. ते अजून माझ्याकडेच आहे."

मग ती येसबाकडे वळली. "सोंगाड्याकाका, माझ्या पायाला मात्रा कमी नाही. तो समेला थांबतो. तुमची जीभ कधी थांबते का?"

कुणी हसलं नाही. जाणत्यांनी एकमेकांकडे बघितलं. प्रधानांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आत्यानं चिमटा काढायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. तो लठ्ठ आवाज कमानीवर वाट बघत बसला, आता बोलतील, मग बोलतील. कुणी बोललं नाही. मग तो वाळला, चिंचोक्याएवढा झाला, टपकन पडला आणि मातीत नाहीसा झाला.

त्या शांततेत उदाजी उठले. येसबापाशी गेले, कमरेत वाकले. येसबानं खिशातून मातीनं माखलेला बत्तासा काढला, धोतराला पुसला आणि सगूच्या तळहातावर ठेवला.

त्या वर्षी मोहोर उशिरा आला, विरळ आला. पण आला. येसबाच्या गालावरची बोटं मात्र कधी गेली नाहीत. बाकी सगळी आपापल्या घरी सुखानं राहिली, जमेल तेवढी.

आणि बघा, एवढी मोठी माणसं गप्प बसली. मग तुम्हाला काय होतंय? मिटा डोळे.