ताडमाडीची ओंजळ

एक होती राक्षसीण. ए चिंगे, पांघरुणात तोंड खुपसू नकोस, आधी ऐक तरी! गरीब होती गं बिचारी. नाव तिचं ताडमाडी. उंच इतकी, की उभी राहिली की ढग नाकात शिरायचे आणि तिला शिंका यायच्या.

ही ताडमाडी डोंगरावरच्या गुहेत एकटी राहायची. कुणाला कधी नख लावलं नाही तिनं. पण घाटातले गाडीवाले तिला बघितलं, की पोती टाकून धूम ठोकायचे. ती मागून हाका मारायची, "अहो, सामान राहिलं तुमचं!" तो आवाज ऐकून ते आणखी जोरात पळायचे. मग ती पोती उचलून गुहेत ठेवायची. तांदूळ होते, डाळ होती, हळद होती, मीठ होतं. पण रांधायचं कसं, हे तिला कुठं ठाऊक? कंदमुळं खायची, हंडाभर पाणी प्यायची आणि झोपायची.

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक म्हातारी राहायला आली. तिचं नाव बयजाआजी. डोळ्यांनी अधू, पण जीभ आणि हात दोन्ही तुरतुरीत. तिला रोज वरून घोरणं ऐकू यायचं. ती म्हणाली, "चला, शेजार आहे म्हणायचा!" मग तिनं गव्हाची खीर केली, वाटीत भरली, चढावरच्या मोठ्या धोंड्यावर नेऊन ठेवली आणि ओरडली, "शेजारीणबाई, खीर ठेवलीय गं!"

ताडमाडीनं वाटी दोन बोटांत धरली. तिचा एक घोटही झाला नाही ती खीर. पण डोळे भरून आले तिचे. कितीतरी वर्षांत तिला कुणी काही करून घातलं नव्हतं, बरं का. मग वाटी चाटूनपुसून लख्ख केली आणि कपाळाला हात लावून बसली. शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नसते, एवढं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. हसतेस काय गं? राक्षसांनासुद्धा आई असते.

मग तिनं ओढ्यातला एक लांबट, गुळगुळीत गोटा वाटीवर आडवा ठेवला आणि वाटी पुन्हा त्या धोंड्यावर नेऊन ठेवली. आजीनं तो चाचपून बघितला. "अगंबाई, वरवंटा! माझा परवाच फुटला." मग त्याच वरवंट्यानं लसणाची चटणी वाटून तिनं भाकरीबरोबर धाडली. ताडमाडीनं त्या वाटीत मधाचं पोळं ठेवलं. आजीनं त्या मधात मलिदा कालवून धाडला. असं झकास चाललं होतं. पण ताडमाडी खाली काही उतरायची नाही. आजीनं आपल्याला बघितलं, की तीही पळणार. मग कुठली वाटी आणि कुठली शेजारीण!

मलिद्याची वाटी तिच्याकडेच होती. आता हिच्यात काय ठेवावं, सुचेना. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की खाली चूल पेटलेली नाही. जात्याची घरघर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मात्र तिच्या जिवाची घालमेल झाली. ती वाटी घेऊन तशीच खाली उतरली आणि झोपडीच्या मागं अंग चोरून बसली. आतून कण्हणं ऐकू येत होतं.

"आजी, मी शेजारीण," ती अगदी हळू म्हणाली. "पण वाटी रिकामीच आणलीय हो."

"वाटीचं काय घेऊन बसलीस!" आजी तापातसुद्धा कडाडली. "पोटात कण नाही माझ्या. मऊ भात करून घाल मला, नाहीतर उद्या काही मी उठत नाही."

"मला येत नाही."

"येत नाही म्हणजे काय? मी सांगते, तू कर. ओंजळभर तांदूळ घे. मूठभर मुगाची डाळ. चिमूटभर हळद, दोन चिमटी मीठ. वर चांगलं वीतभर पाणी येऊ दे. आणि शिजेपर्यंत हलवत राहा."

ताडमाडी धावली. गुहेतून पोती आणली, आपला हंडा आणला. ओंजळभर तांदूळ घातले. तिची ओंजळ, बरं का! चार पोती रिकामी झाली. मग मूठभर डाळ. मग चिमटीनं हळद, मीठ. मग वीतभर पाणी. खाली अख्खं वाळलेलं झाड पेटवलं आणि दुसऱ्या झाडानं ढवळत बसली. भात रटरटायला लागला. धूर गेला आभाळात.

शिजल्यावर तिनं आधी वाटी भरली. आजीच्या शिंक्यावरचं तूप घातलं, खिडकीतून करंगळी आत घातली आणि नखाच्या टोकावर भात घेऊन आजीला पहिला घास भरवला.

"हाय हाय, भाजली गं जीभ!" आजी म्हणाली. "फुंकर घाल की!"

ताडमाडीनं फुंकर घातली. फूऽऽ! झोपडीचं छप्पर गेलं उडून थेट ओढ्यापलीकडं.

आता लपायला काही उरलं नाही. आजीनं वर बघितलं. एवढं मोठं तोंड अधू डोळ्यांनाही दिसतंच. आजीचा आ वासला तो वासलेलाच राहिला. ताडमाडीनं पदरानं तोंड झाकलं आणि निघाली उठून. संपलं सगळं!

तर तिची करंगळी कुणीतरी घट्ट धरली.

"बस खाली," आजी म्हणाली. "आजाऱ्याला अर्धपोटी टाकून उठतात का? दे दुसरा घास."

ताडमाडी मटकन बसली. जमीन हादरली, पण आजीनं बोट सोडलं नाही. चव तर काय विचारता! हात मोठा, तशी ओंजळ मोठी, मूठ मोठी, चिमूटही मोठी. मग बिघडेल कसं?

तेवढ्यात डोंगराला वणवा लागला असं समजून सगळा गाव घागरी-कळश्या भरभरून धावत आला. बघतात तर काय! सगळे जागच्या जागी थिजले. आजी आतून ओरडली, "बघत काय उभे राहिलात? पाणी ओता झाडांना आणि भांडी पुढं करा. एवढा भात मी एकटी खाणार आहे होय?"

आधी एकानं भीत भीत कळशी पुढं केली. मग दुसऱ्यानं. मग अशी झुंबड उडाली म्हणता! घराघरांत त्या दिवशी मऊ भात. आणि जाताना पुरुषमंडळींनी आजीचं छप्परही पुन्हा शाकारून दिलं.

सकाळी ताडमाडी उठून बघते, तर त्या मोठ्या धोंड्यावर घासलेल्या घागरी, घासलेल्या कळश्या. आणि रिकामी एकही नाही! कुणी लोणचं घातलं होतं, कुणी कुरडया, कुणी तिळगुळाच्या पोळ्या. ताडमाडी त्या भांड्यांच्या मधोमध बसून पोटभर रडली, आणि पोटभर जेवली.

मग डोळे पुसून म्हणाली, "अगंबाई! आता ही सगळी भरून परत द्यायला हवीत." आणि ओंजळभर तांदूळ घ्यायला उठली.

अजून देतेच आहे. सकाळी डोंगरावर पांढरं पांढरं दिसतं ना? लोक म्हणतात धुकं. धुकं कसलं डोंबलाचं! तिचा भात शिजतोय. ती जेवली, आजी जेवली, सगळा गाव जेवला. तुमचीही पोटं भरलीत. मिटा आता डोळे.