देवतळ्याच्या उत्सवात सूर का तोडतात

हा आंबेखोलच्या देवतळ्याचा बांध. मधे काळ्या दगडाऐवजी तांबड्या दगडाची रुंद पट्टी दिसते ना, तिथून एका वर्षी बांध फुटला. नंतर भरून काढताना जांभा मिळाला, तो घातला. आज संध्याकाळी इथे सनया वाजतील. आश्विनातला हा उत्सव फार जुना, चहूकडच्या गावांतले वाजवणारे देवापुढे सेवा द्यायला येतात. शेवटी देव तराफ्यावर बसून तळ्याला तीन फेऱ्या मारतो आणि तेवढा वेळ इथे बांधावर सनई चालते. मात्र प्रत्येक फेरीच्या शेवटी सूर तोडतात. पाहुण्यांना वाटतं, वाजवणाऱ्याचा दम संपला. मागे एका शहाण्याने तर टाळ्याही वाजवल्या. तुम्ही तसं करू नका. मोबाईल खिशात ठेवा आणि ऐका.

पूर्वी असं नव्हतं. सनई वाजवणारा एक आणि त्याच्या मागे आपापल्या सनईवर नुसता एकच सूर धरून बसणारे दोघं. एकाचा दम सरत आला की दुसरा धरायचा, म्हणजे सूर अखंड राहायचा. देव पाण्यावर असताना सूर तुटला तर गावावर अरिष्ट येतं, अशी समजूत होती. बांधाखालच्या वाडीत घरी राहिलेली म्हातारी-कोतारी माणसं तो सूर ऐकत स्वस्थ बसायची. सूर आहे ना, मग सगळं ठीक आहे.

त्या काळी इथला मुख्य वाजवणारा होता धाकू घडशी. त्याची एकच मुलगी, आवडी. तिचा कान असा की सनईच्या तोंडातली, फुंकायची पात नीट बसली की नाही हे धाकू स्वतः ठरवत नसे, पोरीला विचारत असे. धाकूकडे रवळू नावाचा एक पोरका मुलगा सूर धरायला होता. नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडत राहायचं, हे त्याला असं साधलं होतं की सूर केसभर हलत नसे. आवडीचा जीव त्या सुरावरच जडला, असं सांगतात. पुढे त्याच्यावरही जडला. पाणवठ्यावरून येताना दोघं चार शब्द बोलायची, आणि गावाला तेवढं पुरेसं होतं.

धाकूने आधीच शेजारच्या गावातल्या एका बिजवराला शब्द दिलेला. घरदार असलेला माणूस. रवळूकडे काय होतं? पण पोर हट्टाला पेटली, जेवेना. तेव्हा धाकूने चार माणसांत अट घातली. येत्या उत्सवात रवळूने तिन्ही फेऱ्या एकट्याने सूर धरावा. तुटला नाही तर मुलगी त्याची, तुटला तर बिजवराची. धाकूला पक्कं ठाऊक होतं की हे कुणाला जमायचं नाही. रवळू नुसता हसला आणि हो म्हणाला.

त्या साली पाऊस आश्विनापर्यंत रेंगाळला होता. तळं काठोकाठ भरलं होतं. उत्सवाच्या दिवशी ऊन पडलं आणि सगळा मुलूख लोटला. पण म्हणे, देवाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. जो तो रवळूच्या गालांकडे बघत होता. आवडी बायकांमध्ये बांधाच्या दगडावर बसली होती, तळवे दगडाला टेकवून.

पहिली फेरी झाली. रवळूचा सूर ढळला नाही. तेवढ्यात आवडीला तळव्याखाली दगड गुणगुणताना जाणवला. तिला वाटलं, याचा सूर दगडातून माझ्यापर्यंत पोचतोय. सुखाने तिच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या फेरीत ती कानांत प्राण आणून ऐकत राहिली आणि तिच्या ध्यानात आलं की दगडातला आवाज खाली उतरतोय. रवळूचा सूर कधी उतरत नसे. मग हा दुसराच कुणाचा तरी आवाज होता. तिने वाकून दगडाला कान लावला. आत पाणी घुसलं होतं. माती खात होतं.

बाकी कुणाला ते ऐकू येत नव्हतं. वरून सनई, त्याखाली सूर. दुसरी फेरी संपली. आवडीने तोंड उघडलं असतं तर त्याच घडीला सूर तुटला असता आणि तो तुटला की रवळू गेला. हातातोंडाशी आलेला घास. एकच फेरी उरली होती. ती बांधालाच म्हणाली म्हणे, "एवढी फेरी थांब. मग काय हवं ते कर."

तिसरी फेरी सुरू झाली. रवळूचा चेहरा काळवंडला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण सूर तसाच. लोक पुटपुटू लागले, जमलं पोराला. आणि आवडीच्या हाताखालचा दगड ओला झाला.

ती उठली. बाप्यांच्या गर्दीतून वाट काढत गेली आणि रवळूच्या ओठांवरची सनई तिने स्वतःच्या हाताने ओढून घेतली.

सगळं गप्प झालं. धाकूची सनई थांबली, त्याने हात उगारला. "आवडे, काय केलंस गं हे?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. त्या शांततेत बांधाच्या पोटातली घरघर सगळ्यांना ऐकू आली आणि धाकूचा हात तसाच वर राहिला.

बांधावरची माणसं भराभर उतरून टेकडीवर गेली. खालच्या वाडीतली तर सूर तुटताच घाबरून बाहेर पडली आणि टेकडीकडे पळत सुटली. अरिष्टाच्या भीतीनेच ती वाचली. मागे राहिली फक्त धाकूची आई. तिला उठता येत नव्हतं. हे पहिल्यांदा ध्यानात आलं रवळूच्या. त्या फेऱ्यांनी त्याच्या छातीत काही शिल्लक ठेवलं नव्हतं, तरी तो धावला. म्हातारीला पाठीवर घेऊन चढणीपर्यंत आला, वर उभ्या असलेल्यांच्या हातांत तिला दिली. लोक ओरडत होते, वर ये. त्याने हाताने खूण केली की आलोच. आणि दम खायला तो तिथेच खाली बसला.

तेवढ्यात बांध गेला.

बिजवराकडची माणसं पुढे विचारायला आली तेव्हा आवडी त्यांच्यासमोर उभी राहिली. ती म्हणाली, "मला एक फेरी आधी ऐकू आलं होतं. तेव्हाच बोलले असते तर त्याच्या अंगात धावायला दम उरला असता." धाकू म्हणाला, अट माझी होती. त्यानंतर त्याने पुन्हा सनईला हात लावला नाही. आवडीने लग्न केलं नाही. पुढच्या साली लोक उत्सव बंद करायला निघाले होते. तिनेच करवला. प्रत्येक फेरीला सूर तोडायला लावायची आणि दगडाला कान लावून बसायची. म्हातारपणी तिला त्या दगडापासून उठवायला दोघी लागायच्या, कारण ती लवकर उठतच नसे.

आजही फेरी संपली की सूर तोडतात आणि गावातली एक बिनलग्नाची मुलगी दगडाला कान लावते. ती "काही नाही" म्हणेपर्यंत कुणी हलत नाही. आजही आंबेखोलात मुलगी देताना अट घालत नाहीत. आता बांधाला आतून सिमेंट आहे, दरसाल तपासणी होते, हे सगळं आम्हाला कळतं. पण गेल्या साली जी मुलगी बसली होती तिचं लग्न पंधरवड्यावर आलेलं, वाडीतल्याच मुलाशी. दुसऱ्या फेरीला तिने कान लावला आणि फार वेळ मान वर केली नाही. मग हसून म्हणाली, काही नाही. आम्ही तिच्या तोंडाकडे बघितलं, आवडीने न बोलता काढलेली ती एक फेरी आठवली आणि खालची वाडी रिकामी केली.