हिरव्या पेडलची वाट

वस्तू एकमेकींशी बोलत, पण माणसांना ते ऐकू येत नसे, त्या काळातली ही गोष्ट. सुधन्वाच्या गिटारीतून निघालेला सूर वायरीने स्पीकरकडे जाई. वाटेत एक हिरवं ओव्हरड्राइव्ह पेडल होतं. त्याचं बटण दाबलं की सूर त्याच्या आत शिरे आणि तापून, जरा खरखरीत होऊन बाहेर पडे. बटण दाबलं नाही, तर बाजूच्या मोकळ्या वाटेने तसाच पुढे जाई.

ते बटण दाबायची सुधन्वाची बायको रेवा. गाता गाता, पायाच्या अंगठ्याने. रेवा वारली, त्यानंतर सुधन्वाने बटणाला कधी पाय लावला नाही.

"रोज दारावरून जातोस, आत डोकावतसुद्धा नाहीस," एक दिवस पेडल सुराला म्हणालं.

"बोलावणं असल्याशिवाय कसा येऊ?"

"मग आज वाटच देत नाही. बघू कसा जातोस!"

पेडलने मोकळी वाट आवळून धरली. स्पीकर गप्प झाला. सुधन्वाने वायरी हलवून पाहिल्या. मग तो खाली गुडघ्यांवर बसला, पेडलवरची धूळ त्याने बोटाने पुसली आणि हळूच म्हणाला, "तूही गेलास का रे?"

पेडलने वाट सोडली. सूर त्याला न शिवता बाजूने निघाला.

"येतो," जाता जाता सूर म्हणाला.

"ये," पेडल म्हणालं, आणि तो स्पीकरपर्यंत पोचेतो कान देऊन राहिलं.