तांबड्या दगडांचं मडकं

माझ्या रेवंताताईच्या तळहातांवर काळे ठिपके होते, मुगाच्या दाण्यांसारखे टणक. आम्हाला आईबाप नव्हते. गावच्या हापशीचं पाणी काचेसारखं लख्ख आणि गोड. ठिपके थोडेथोडे सगळ्याच मोठ्या माणसांना होते, पण ताईला फार. म्हणून तिच्या हातचं कुणी काही घेत नसे, आणि हापशीवर तिचा नंबर सगळ्यांत शेवटी.

एकदा आम्ही दोघं जंगलात गेलो, तेव्हा तिला चिखलात रुतलेलं इवलंसं पाखरू दिसलं. तिनं ते ओंजळीत घेऊन हळुवार धुतलं, तर ती परी निघाली. बोटभर उंच, कुंकवासारखी तांबडी, पंखांवर सोनेरी कण चमचमणारी. ती म्हणाली, एक इच्छा माग, पण माझे नियम दोन. मागशील ते हातानं उचलता आलं पाहिजे. आणि पिऊन झालेलं पाणी मला परत काढता येत नाही.

मी ताईला बोलूच दिलं नाही. "ताईला बरी कर," म्हणालो.

"ते हातानं उचलता येत नाही रे राजा."

मी रागानं पायाजवळचा तांबडा दगड परीवर भिरकावला. लागला नाही. ताईनं जाऊन तो उचलला, फ्रॉकला पुसला आणि विचारलं, हा एवढा जड कसा? परी म्हणाली, त्यात लोखंड आहे. तुमच्या हापशीच्या पाण्यात विष आहे. ते दिसत नाही, त्याला वास नाही, उकळूनही जात नाही. पण या दगडाला ते चिकटून बसतं.

"मग गावाला पुरतील एवढे दगड दे," ताई म्हणाली.

गावाजवळची अख्खी टेकडी तशा दगडांनी तांबडीलाल झाली. दगड बारीक कुटायचे, मडक्यात वाळूवर भरायचे, पाणी थेंबथेंब गाळायचं. खडे विष धरून थकले की बदलायचे, आणि थकलेले उघड्यावर टाकायचे नाहीत. एवढं शिकवून परी उडाली.

ताईनं त्याच हातांनी दगड कुटले, दारोदार मडकी नेली. शेजारची बायजाकाकू हसली. "आधी तुझे हात धू, मग आमचं पाणी धू." सगळी मडकी परत आली. ते गाळलेलं पाणी आम्ही दोघंच प्यायलो. मी लहान होतो, मला ठिपके आलेच नाहीत. ताईचं मात्र विषाचं पाणी आधीच पिऊन झालं होतं. तीन वर्षांनी तिनं अंथरूण धरलं.

तेव्हा कुठे काकूला माझे स्वच्छ हात दिसले. आपल्या सोनीला कडेवर घेऊन ती मडकं मागायला आली. मी दारात आडवा उभा राहिलो. ताईला म्हणालो, देऊ नकोस.

"सोनी हसली होती का रे?" ताई म्हणाली, आणि दिलं. दगड कसे कुटायचे तेही पडल्यापडल्या सांगितलं.

संध्याकाळी परी खिडकीत आली. म्हणाली, आता आणखी एक इच्छा स्वतःसाठी माग, उचलता येईल अशी.

ताईनं माझा हात उचलला, उघडला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. "मिळालं," म्हणाली.

घरभर तांबडा-सोनेरी उजेड पसरला आणि परी त्यात विरघळली. उजेड गेला तेव्हा ताईचा हात माझ्या हातात होता. ताई नव्हती.

आता घरोघर मडकं आहे, आणि गावातली मुलं मोठी झाली तरी त्यांना ठिपके येत नाहीत. हापशीवर काकू मला पहिला नंबर देते. मी घेत नाही. मी शेवटी उभा राहतो, ताईच्या जागेवर.